विद्यापीठाचा शेजार आणि आयुर्वेदीय संशोधन

आयुर्वेदात संशोधन होत नाही, अशी टीका आपण वारंवार ऐकतो. तिला उत्तर म्हणून आपण शोधप्रबंधांची संख्या पुढे करतो. परंतु ग्रंथालयाच्या कपाटात बांधून ठेवलेला प्रबंध आणि रुग्णाच्या उपयोगी पडणारे संशोधन यांत अंतर आहे, हे आपण सर्वजण जाणतो. हे अंतर का पडते याचा विचार करताना बनारस हिंदू विद्यापीठाचा इतिहास मार्गदर्शक ठरतो. सार्वजनिक विद्यापीठाच्या प्रांगणात अन्य शास्त्रांच्या शेजारी आयुर्वेदास स्थान मिळाले, तर काय साधते आणि कोणते धोके संभवतात, या दोन्ही गोष्टी तेथे पाहावयास मिळतात.

पंडित मदनमोहन मालवीय यांनी या विद्यापीठाची योजना १९०५ च्या सुमारास देशापुढे मांडली. तिच्यात आयुर्वेद महाविद्यालयाचा समावेश आरंभापासून होता. १९१५ मध्ये कायदा संमत झाला आणि ४ फेब्रुवारी १९१६ रोजी वसंतपंचमीस कोनशिला बसविली गेली. ज्या काशीच्या दिवोदास धन्वंतरींकडून सुश्रुतादी शिष्यांनी शल्यतंत्राचे अध्ययन केल्याचे सुश्रुतसंहिता सांगते, त्याच काशीत हे विद्यापीठ उभे राहिले, हा योग आनंदाचा खरा. परंतु मालवीयजींनी आयुर्वेदास केवळ पूर्ववैभवाचे स्मारक म्हणून स्थान दिले नव्हते. संस्कृतविद्येबरोबरच रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, अभियांत्रिकी या विद्याही एकाच आवारात नांदाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. आयुर्वेदाचे अध्यापन प्रथम प्राच्यविद्या शाखेत सुरू झाले आणि १९२७ मध्ये स्वतंत्र आयुर्वेद महाविद्यालय स्थापन झाले.

या महाविद्यालयाचे एक स्नातक डॉ. के. एन. उडुपा. आयुर्वेदाची पदवी घेतल्यावर त्यांनी परदेशी जाऊन आधुनिक शल्यशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. आयुर्वेदीय शिक्षण व संशोधन यांची पाहणी करण्यासाठी केंद्र शासनाने १९५८ मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली काशीतील वैद्यकीय शिक्षणाची पुनर्रचना झाली. १९६० मध्ये वैद्यकविज्ञान महाविद्यालय, १९६३ मध्ये भारतीय वैद्यकाची पदव्युत्तर संस्था आणि १९७१ मध्ये आजची चिकित्साविज्ञान संस्था, असा तो क्रम आहे. आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक या दोन विद्याशाखा एकाच संस्थेत व एकाच रुग्णालयाच्या आश्रयाने काम करू लागल्या.

या शेजाराचे सर्वांत ठळक फलित म्हणजे क्षारसूत्र. नाडीव्रणाच्या चिकित्सेत कृश, दुर्बल आणि शस्त्रकर्मास भिणाऱ्या रुग्णांसाठी सुश्रुतांनी क्षारसूत्राचा निर्देश केला आहे. सूत्रास स्नुहीक्षीर व हरिद्रा यांची भावना देण्याचा विधी चक्रदत्तात आढळतो. तरीही व्यवहारात हे कर्म जवळजवळ लुप्त झाले होते. काशीच्या शल्य-शालाक्य विभागात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात त्याचे पुनरुज्जीवन केले. स्नुहीक्षीर, अपामार्गक्षार आणि हरिद्रा यांचे मिळून २१ लेप, सूत्र आठवड्याने बदलण्याची पद्धत, रुग्णांची काटेकोर नोंद, अशी त्याची प्रमाणित रीत बसविली गेली. पुढे भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत शस्त्रकर्माशी तुलना करणारी चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभर पूर्ण पाठपुरावा झालेल्या २६५ रुग्णांत भगंदराचा पुनरुद्भव क्षारसूत्राने ४ टक्के, तर शस्त्रकर्माने ११ टक्के आढळला. व्रण भरण्यास मात्र क्षारसूत्राने अधिक काळ लागला. शस्त्रकर्मानंतर साधारण ४ आठवडे, तर क्षारसूत्राने ८ आठवडे.

या निष्कर्षातील दुसरा भाग आपल्या व्याख्यानांत बहुधा गाळला जातो. वस्तुतः त्याच भागामुळे पहिल्यास वजन प्राप्त होते. जी पद्धती स्वतःची मर्यादा आकड्यात सांगते, तिच्या यशावर प्रतिपक्षही विश्वास ठेवतो. आज महाराष्ट्रातील अनेक वैद्य क्षारसूत्राच्या बळावर निर्वेधपणे व्यवसाय करीत आहेत. त्यांच्या पाठीशी काशीतील ती शिस्त उभी आहे, याचे स्मरण असावे.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १९६० मध्ये आधुनिक वैद्यकाचे महाविद्यालय आले, तेव्हा काशीतील आयुर्वेदाचा पदवी अभ्यासक्रम बंद पडला. मिश्र अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांनाच आधुनिक पदवी हवी होती. आयुर्वेद काही काळ पदव्युत्तर पातळीपुरता उरला आणि पदवीचे शिक्षण तेथे परत येण्यास कित्येक वर्षे जावी लागली. शेजारी प्रबल असेल आणि आपण आपल्या शास्त्रात दुर्बल असू, तर शेजाराचे रूपांतर विलीनीकरणात होते. शुद्ध आयुर्वेदाचा आग्रह धरणाऱ्या आपल्या पूर्वसूरींची भीती अनाठायी नव्हती. मात्र त्या भीतीवर उपाय म्हणून दारे बंद करणे इष्ट नाही. अनेक शास्त्रांचा परिचय असल्याशिवाय एका शास्त्राचा निश्चय होत नाही, असे सुश्रुतांचेच मत आहे आणि चरकांनी तद्विद्यसंभाषेचे महत्त्व विस्ताराने सांगितले आहे.

महाराष्ट्रापुरते पाहू. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि तोवर निरनिराळ्या विद्यापीठांशी संलग्न असलेली आयुर्वेद महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. अभ्यासक्रम व परीक्षा यांत एकसूत्रता आली, हा लाभ निर्विवाद आहे. परंतु सर्वसाधारण विद्यापीठांशी असलेला औपचारिक संबंधही त्याबरोबर संपला. पूर्वीची संलग्नता तरी कितपत फलदायी होती, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. परीक्षेपुरती संलग्नता म्हणजे शेजार नव्हे. द्रव्यगुणाच्या विद्यार्थ्याने वनस्पतिशास्त्र विभागात जाऊन द्रव्याची ओळख पटवून घ्यावी, रसशास्त्राच्या विद्यार्थ्याने भस्माचे परीक्षण रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने करावे, रुग्णसंख्या किती हवी हे संख्याशास्त्रज्ञास प्रबंध लिहिण्यापूर्वी विचारावे, याला शेजार म्हणतात. आज हा सल्ला बहुधा प्रबंध पूर्ण होत आल्यावर घेतला जातो, आणि तेव्हा तो निरुपयोगी असतो.

म्हणून प्रस्तुत लेखकास तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक पदव्युत्तर विभागाने जवळच्या विद्यापीठातील विज्ञान विभागाशी करार करून तेथील अध्यापक सहमार्गदर्शक म्हणून घ्यावा. विषयाची निवड व चिकित्सेचे सूत्र मात्र आयुर्वेदाच्या अध्यापकाच्याच हाती असावे. दुसरी, संहितांच्या अध्ययनात तडजोड होऊ नये. क्षारसूत्र प्रथम संहितेत सापडले आणि नंतर चाचणीत उतरले, हा क्रम विसरता कामा नये. तिसरी गोष्ट आपल्या संघटनेची आहे. व्यवसायी वैद्याजवळ रुग्णांचे जे भांडार असते, ते कोणत्याही महाविद्यालयाजवळ नसते. आपल्या शाखांनी निवडक व्याधींसाठी समान रुग्णपत्रक तयार करावे आणि अपयशी ठरलेल्या रुग्णांच्या नोंदीही तितक्याच निष्ठेने ठेवाव्यात.

शासनाचे अनुदान, नवी संस्था, नवा आयोग यांची वाट पाहण्याची सवय आपणांस जडली आहे. काशीतील विद्यापीठ लोकांच्या देणग्यांतून उभे राहिले आणि क्षारसूत्राचे काम हळद, निवडुंगाचा चीक व आघाड्याचा क्षार एवढ्या साहित्यावर झाले. आपल्या शहरातील विद्यापीठाचे दार ठोठावण्यास याहून अधिक साधनसामग्री लागत नाही. संघटनेच्या पुढील सर्वसाधारण सभेत किमान समान रुग्णपत्रकाचा विषय तरी कार्यक्रमपत्रिकेवर यावा, अशी विनंती आहे.