नाव आपलं, पण कुणाच्या नावावर?

गेल्या कोजागिरीनंतरची गोष्ट. आमच्या थोरल्या जाऊबाई भाजणी, मेतकूट, गोडा मसाला असं घरी करून विकतात. पाच वर्षांपूर्वी त्यांनी वेबसाइट करून घेतली. गावातली गिऱ्हाइकं फोनवरच मागणी सांगतात, पण दिवाळीच्या मागण्या इंदूर-बडोद्याहून येतात त्या साइटवरूनच. त्या दिवशी बडोद्याच्या एक बाई फोनवर म्हणाल्या, "अहो, तुम्ही दुकान बंद केलंत का? पानच उघडत नाही." जाऊबाईंच्या पोटात धस्स झालं. चकलीच्या भाजणीचं धान्य नुकतंच भाजून, दळून आलेलं!

शोधाशोध केल्यावर कळलं ते असं. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, ज्या मुलानं साइट करून दिली त्यानं स्वतःच्याच नावावर नोंदवलं होतं. लबाडी नव्हती हो, तेव्हा तेच सोपं वाटलं. मुदतीची स्मरणपत्रं त्याच्या जुन्या ई-मेलवर जात राहिली, तो नोकरीसाठी परगावी, आणि नारळीपौर्णिमेच्या सुमारास नावाची मुदत संपून गेली.

डोमेन म्हणजे दुकानाची पाटी आणि होस्टिंग म्हणजे सामान ठेवायला भाड्यानं घेतलेला गाळा. दोन्हींचे पैसे वेगळे, मुदती वेगळ्या. आमच्या गाळ्याचं भाडं वेळेवर भरलेलं होतं, पण पाटीच उतरलेली! नाव कायमचं विकत मिळत नाही. ते एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं, मग पुन्हा पैसे भरायचे. '.कॉम'चं नाव चुकलं तर कंपन्या बहुधा काही आठवडे, फार तर ४५ दिवस, नेहमीच्या दरानं भरू देतात. पुढचे ३० दिवस जबर दंड. त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणीही घ्यावं. आम्ही त्या दंडाच्या दिवसांत सापडलो. बरं, नाव सोडवणार कोण? ज्याच्या नावावर तोच! त्या मुलाचा पत्ता लावण्यातच चार दिवस गेले.

म्हणून सांगते, काम भाचा करो की शेजारचा इंजिनिअर, नाव आपल्या नावावर, आपल्या मोबाइल नंबरावर आणि आपल्या ई-मेलवर घ्या. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. आणि हा ई-मेल त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर नाव बंद पडलं की पत्रंही बंद.

नाव निवडताना ते रोमन लिपीत कसं लिहिलं जाईल ते बघा. 'ज्ञानदा' नाव कितीही गोड असलं तरी आपण 'डीएनवाय' लिहिणार आणि इंदूरकर 'जीवाय'! '.भारत' लावून देवनागरीतही २०१४ पासून नाव मिळतं, पण माझ्या मते ते जोडीला असावं. '.इन'ची नावं २००५ पासून सर्वांना खुली आहेत. ती निक्सी या संस्थेच्या देखरेखीखाली असली तरी घ्यायची अधिकृत विक्रेत्या कंपनीकडूनच.

दर बघताना पहिल्या वर्षाच्या स्वस्ताईला भुलू नका. साडीच्या सेलसारखंच आहे ते. दुसऱ्या वर्षाचा दर विचारा, वर १८ टक्के जीएसटी धरा. होस्टिंगसोबत 'डोमेन फुकट' म्हणतात तेव्हा ते कुणाच्या नावावर आणि दुसरीकडे हलवता येईल का, हे आधी विचारा. पंचवीस-तीस पदार्थांच्या दुकानाला सगळ्यात साधं, सामाईक होस्टिंग पुरतं. मात्र फोटो लहान करून चढवा. मोबाइलवरचा चकलीचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, त्यानं पान उघडायला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक निघून जातं. पत्त्याजवळच्या कुलपाचं, एसएसएलचं, प्रमाणपत्र बऱ्याच ठिकाणी फुकट मिळतं, त्याचे वेगळे पैसे मागितले तर दुसरीकडे चौकशी करा. साइटची एक प्रत मात्र घरच्या कॉम्प्युटरवर हवीच.

आमचं नाव वसुबारसेच्या आदल्या दिवशी सुटलं, दंड भरून. आता ते जाऊबाईंच्या नावावर आहे आणि मुदतीची तारीख गॅसच्या नंबराशेजारी कॅलेंडरवर लाल शाईनं लिहिली आहे. बाहेरगावच्या मागण्या मात्र निम्म्याही आल्या नाहीत. संक्रांतीपर्यंत दोन्ही घरांत चकल्याच चकल्या चालल्या होत्या.