लाडबोरीचे कडे आणि अग्निबाणाची आज्ञावली

२ एप्रिल २०२२ रोजी संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून अग्निगोलांची एक रांग सरकताना दिसली आणि पाठोपाठ चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी येथे धातूचे अजस्र कडे येऊन पडले. व्यास दोन ते तीन मीटर. पवनपार परिसरात धातूचा गोळाही सापडला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या 'चांग झेंग ३ बी' या अग्निबाणाचा हा तिसरा टप्पा असावा, असा निष्कर्ष अवकाशातील वस्तूंचा माग ठेवणारे जोनाथन मॅकडॉवेल यांनी काढला होता.

म्हणजे काम संपल्यावर तो वर्षभराहून अधिक काळ फिरत राहिला. विजेऱ्या संपल्या की अशा टप्प्याची इलेक्ट्रॉनिक्स यंत्रणा मुकी होते. मग तो कोठे पडणार, हे वातावरणाचे घर्षण ठरवते.

अग्निबाणासाठी स्वतःचे इलेक्ट्रॉनिक्स घडविणाऱ्या विद्यार्थी-गटांसाठी आणि नव्या उद्योगांसाठी हा प्रसंग महत्त्वाचा आहे. प्रारंभ आता पूर्वीइतका अवघड नाही. 'नासा'च्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने विकसित केलेली 'एफ प्राइम' ही सॉफ्टवेअरची चौकट २०१७ पासून सर्वांना खुली आहे. २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या 'इंजेन्युइटी' हेलिकॉप्टरमध्ये तीच होती. तिच्यात प्रत्येक काम स्वतंत्र घटकाकडे सोपविलेले असते: एक संवेदकाचे आकडे वाचतो, दुसरा आज्ञा स्वीकारतो, तिसरा नोंदी खाली धाडतो. सर्किट बोर्ड हाती येण्यापूर्वीच ही जुळणी साध्या संगणकावर चालवून पाहता येते. ही मोठीच सोय म्हणायची.

परंतु नवख्यांचे सारे लक्ष प्रज्वलन आणि उड्डाणावर असते. उरलेले इंधन बाहेर सोडणे, विजेऱ्या निकामी करणे, संपर्क तुटल्यास ही कामे कोणत्या घड्याळावर सुरू करायची, हे घटक मागाहून चिकटविले जातात. वस्तुतः त्यांच्यासाठी लागणारी वीज आणि इंधन आरंभीच्या आराखड्यातच राखून ठेवावे लागते.

हे शक्य आहे, हे 'इस्रो'ने दाखविले. १ जानेवारी २०२४ रोजी उडालेल्या पीएसएलव्ही-सी५८ चा चौथा टप्पा उपग्रह सोडल्यावर ६५० किलोमीटरवरून ३५० किलोमीटरच्या कक्षेत उतरविण्यात आला, उरलेले इंधन बाहेर सोडण्यात आले आणि मग तोच 'पोएम-३' या नावाने प्रयोगमंच झाला. २१ मार्च २०२४ रोजी तो वातावरणात शिरला आणि उत्तर प्रशांत महासागरावर त्याचा शेवट झाला. त्याच वर्षी 'इस्रो'ने २०३० पर्यंत भारतीय मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले.

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरील हानीची संपूर्ण जबाबदारी प्रक्षेपण करणाऱ्या देशावर असते. लाडबोरीत एखादे घर त्या कड्याखाली सापडले असते, तर भरपाईचा दावा दिल्लीमार्फत बीजिंगकडे न्यावा लागला असता.