चूल वेगळी, विहीर एक

आमच्या इमारतीतील एक वयोवृद्ध मावशी मध्यंतरी पाण्याचे बिल घेऊन नगरपालिकेत गेल्या. बिल नेहमीच्या दुपटीने आले होते. "पाणी आता आमच्याकडे नाही, कंपनीकडे जा," असे त्यांना सांगण्यात आले. कंपनीची कचेरी शेजारच्या शहरात. टेलिफोन केला, तर यंत्र हिब्रूतून बोलते. मावशी आम्हांस म्हणाल्या, "मास्तर, आपल्या गावचे पाणी दुसऱ्या गावी गेले कसे?" हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे, तो प्रत्येक करदात्याचा आहे.

२००१ च्या कायद्यानुसार पाणीपुरवठा व सांडपाणी ही कामे बहुतेक नगरपालिकांकडून काढून स्वतंत्र कंपन्यांकडे सोपविण्यात आली, व त्यांतील अनेक कंपन्या एकाहून अधिक गावांच्या आहेत. म्हणून शेजारी गावांनी एकत्र कामे करणेच वाईट, असे मात्र आम्ही मानीत नाही. शहरसंघांचा कायदा या देशात १९५५ पासून आहे. तेल अवीव, रामत गान, होलोन, बात याम आदी शहरे आपले सांडपाणी एकत्र वाहून नेतात. रिशोन लेत्सियोनजवळ ते शुद्ध होते व नळाने नेगेवच्या शेतीस मिळते. एकट्या शहरास हे साधले नसते.

लहान गावांस तर याची गरज अधिक. दहा-बारा हजार वस्तीच्या गावाने स्वतंत्र पशुवैद्य व कचऱ्याच्या ठेक्यावर देखरेख करणारा स्वतंत्र अधिकारी पोसावा कसा? यासाठीच गावांचे प्रादेशिक समूह स्थापन झाले व २०१६ मध्ये त्यांना कायद्याचा आधार मिळाला. पूर्व नेगेवच्या समूहात, जेथे आपली अनेक कुटुंबे राहतात ती दिमोना व येरुहाम ही गावे, अराद व बेदुईन गावांसह एकत्र आली आहेत.

परंतु कामे एकत्र करणे निराळे व गावे एकत्र करणे निराळे. २००३ मध्ये सरकारने काही गावे एकमेकांत विलीन केली. बिन्यामिना व गिव्हात आदा आजही एकत्र नांदत आहेत. पण कार्मेलवरील इसफिया व दालियत-अल-कार्मेल यांची मोट २००८ मध्ये सोडावी लागली. आपल्या अलिबाग-पेणकडे दोन-तीन वाड्यांची मिळून ग्रुप ग्रामपंचायत असते. तेथेही आपल्या वाडीचा सदस्य कोण, हे प्रत्येकास ठाऊक असते, म्हणूनच कारभार चालतो. विहीर एक असावी, चूल ज्याची त्याची असावी.

आमची सूचना अशी की, जे काम गावाबाहेर जाईल त्याची खिडकी गावातच राहावी. आठवड्यातून एक दिवस का होईना, तेथे यंत्र नव्हे, माणूस बसावा. दुसरे, समूहाच्या मंडळावर आपण कोणास थेट निवडून देत नाही. आपला आवाज तेथे पोहोचतो तो नगराध्यक्षांमार्फत. तेव्हा समूहात काय ठरले व त्यामुळे किती पैसा वाचला, याचा हिशेब त्यांनी नगरसभेत उघडपणे मांडावा. तिसरे, वाचलेल्या पैशातील काही वाटा वृद्धांच्या दिवसकेंद्राकडे व तेथे नेणाऱ्या गाडीकडे जावा. बचत झाली आणि मावशींची पायपीट वाढली, तर ती बचत नव्हे. नगरपालिकेचा खर्च मावशींच्या पायांवर टाकला, एवढेच.

आपणही निवडणुकीच्या वेळी मत देतो व मधली पाच वर्षे स्वस्थ बसतो. येथे जन्मलेल्या, हिब्रू उत्तम जाणणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमची विनंती आहे की, नगरसभेच्या पुढील बैठकीस त्यांनी जावे, हे तीन प्रश्न लेखी द्यावेत व मिळालेले उत्तर घरी येऊन आजी-आजोबांना मराठीतून समजावून सांगावे.