टीव्हीवर फोन दाखवा, पण सगळा नको

लग्नाचे फोटो टीव्हीवर दाखवायचे म्हटले, की बहुतेक जण ‘स्क्रीन मिररिंग’ सुरू करतात. २०१२ मध्ये आलेल्या मिराकास्टमध्ये फोन आणि टीव्ही वायफायने थेट जोडले जातात. इंटरनेटही लागत नाही. सोय उत्तम. पण फोनवर उमटेल ते सगळे टीव्हीवर जाते. बँकेचा ओटीपी, एखादा खासगी मेसेज, तेही पाहुण्यांसमोर!

‘कास्ट’चे तसे नाही. त्यात टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून व्हिडिओ घेतो आणि फोन केवळ रिमोट उरतो. त्यामुळे यूट्यूबसाठी मिररिंग नकोच. फोटोंसाठी करायचेच, तर आधी नोटिफिकेशन बंद करावीत. खरे तर मिररिंग सुरू होताच ती आपोआप थांबावीत, अशी सोय प्रत्येक फोनमध्ये हवी. ही दक्षता ग्राहकाच्या गळ्यात मारणे बरोबर नाही.