फेणीला मानांकन मिळाले. फेणी गाळणाऱ्याचे काय?

काजूचा हंगाम सुरू झाला की गोव्यात फेणीविषयीची चर्चा दरवर्षी नव्याने उगवते. यंदा मोहोर कसा आला, हुर्राकाचा दर काय निघाला, पावणीत कोणता विभाग कितीला गेला, पर्यटकांना बाटली आवडते की नाही, अशा प्रश्नांवर बातम्या येतात आणि मेअखेर पहिल्या सरींबरोबर त्या विरूनही जातात. या सगळ्या चर्चेत एक माणूस क्वचितच दिसतो. तो म्हणजे तीन महिने डोंगरावर झोपडी घालून राहणारा, बोंडू वेचणारा, ते तुडवणारा, आणि आगीपुढे बसून थेंब थेंब अर्क उतरवणारा काजकार. फेणीच्या भवितव्याचा विचार बाटलीपासून नव्हे, तर या माणसापासून सुरू व्हायला हवा.

कागदावर पाहिले तर फेणीची गेली काही वर्षे भरभराटीची म्हणावी लागतील. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ मध्ये अबकारी कायद्यात दुरुस्ती करून तिला राज्याच्या वारसा पेयाचा दर्जा देण्यात आला. २०२१ मध्ये राज्याने स्वतंत्र फेणी धोरण आणले. ‘गावठी’ किंवा ‘देशी दारू’ या सदरात वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या पेयाला, आणि त्यामुळे परराज्यांची दारे बंद असलेल्या व्यवसायाला, यातून प्रतिष्ठेचा मार्ग खुला झाला हे मान्यच करायला हवे. पण या तिन्ही टप्प्यांत संरक्षण मिळाले ते प्रामुख्याने नावाला. नाव टिकवणारे हात टिकतील याची तजवीज त्यात पुरेशी झाली नाही.

हातातले शास्त्र

हे हात नेमके काय करतात, ते आधी समजून घेतले पाहिजे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणलेले काजूचे झाड गोव्याच्या जांभ्या दगडाच्या उतारांवर रुजले. नारळाच्या सुरेपासून अर्क काढण्याची विद्या इथे आधीपासून होतीच. तीच पुढे काजूला लागू झाली. परंपरेने फेणीसाठी झाडावरून तोडलेले बोंडू चालत नाही. पूर्ण पिकून आपोआप गळून पडलेलेच घ्यायचे, कारण गोडी आणि वास त्यातच भरलेला असतो. बी पिरगळून वेगळी केली की बोंडू कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडीत, पडतात आणि पायांनी तुडवले जातात. उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवले की शेवटी निथळून येतो तो नितळ, गोड नीरो. तो तसाच पिण्यासाठी राखला जातो. तुडवून निघालेला रस मात्र आंबवण्यासाठी ठेवतात.

आंबवण्यासाठी बाहेरून काही घातले जात नाही. हवेतल्या आणि फळावरच्याच यीस्टवर रस दोन-तीन दिवस उकळल्यासारखा फसफसतो. तो कधी शांत झाला हे काजकार कानाने ओळखतो. पहिल्या गाळपाला उतरतो तो हलका, सुवासिक हुर्राक. त्यात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा गाळले की फेणी होते, आणि तिची तीव्रता सुमारे ४२ टक्क्यांच्या आसपास राहते. ही तीव्रता आजही अनेक ठिकाणी ‘ग्राव’ या जुन्या पोर्तुगीजकालीन मापाने मोजली जाते. मापक नसेल तेव्हा बाटली हलवून वर येणाऱ्या बुडबुड्यांची माळ पाहिली जाते. फेणी हे नावच ‘फेन’ म्हणजे फेस या शब्दाशी जोडले जाते, ते उगाच नव्हे.

मातीच्या भांड्यांची जागा आता बहुतेक ठिकाणी तांब्याने घेतली आहे; वाफ थंड करण्यासाठी करवंटीच्या डवलीने पाणी ओतत बसण्याऐवजी पाण्याच्या टाकीतून नळी फिरवली जाते. कौशल्य मात्र यंत्रात गेलेले नाही. आग भडकली तर अर्काला करपट वास लागतो. मंदावली तर गाळप रेंगाळते. कुठे थांबायचे हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नाही. हंगामात भट्टीवर बसणाऱ्यांशी बोलले तर बहुतेकांचे उत्तर एकच असते: वडिलांच्या शेजारी बसून शिकलो. मुले शिकतात का, या पुढच्या प्रश्नावर मात्र बोलणे आखडते.

तीन महिन्यांचा धंदा, एका हंगामाचा हक्क

हे असे का व्हावे? तरुणांना कष्ट नकोत, हे सोपे उत्तर झाले. खरे कारण या व्यवसायाच्या रचनेत आहे.

अबकारी खाते काजूच्या क्षेत्राचे विभाग पाडून पावणी करते. जो बोली जिंकतो त्याला त्या विभागात भट्टी लावण्याचा हक्क मिळतो, पण तो त्या हंगामापुरताच. पुढच्या वर्षी तोच डोंगर त्याच्या वाट्याला येईल याची खात्री नसते. मग त्याने जुनी झाडे छाटावीत कशाला, नवी कलमे लावावीत कशाला, पक्की कोळंबी बांधावी कशाला? अबकारी खात्याच्या एकूण महसुलापुढे या पावणीतून येणारी रक्कम किरकोळ आहे. पण तिच्यामुळे काजकाराचे झाडाशी असलेले नाते दरवर्षी नव्याने तोडले जाते. सत्तरी, सांगे, केपे किंवा काणकोणच्या डोंगरावर तीन पिढ्या भट्टी लावणारे कुटुंबसुद्धा कागदोपत्री दरवर्षी नवखेच ठरते.

दुसरी अडचण बीची. काजूचे अर्थकारण बीभोवती फिरते, बोंडू तिथे दुय्यम आहे. कच्च्या बीचा दर आफ्रिकी देशांतून होणाऱ्या आयातीवर हलतो. तो कोसळला की बागायतदार डोंगर साफ करण्याचा खर्च टाळतो. रान वाढते, गळलेले बोंडू पाचोळ्यात कुजतात आणि काजकाराचा कच्चा मालच आटतो. सरकार बीला आधारभूत किंमत देते ती यासाठीच आवश्यक ठरते. पण बोंडूच्या रसाला असा कोणताही आधार नाही.

संशोधनाची दिशाही बीचीच आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेली वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमे असोत, की जुने गोवे येथील केंद्रीय कृषी संशोधन संस्थेने इथल्याच झाडांतून निवडलेला गोवा-१ हा वाण, त्यांची मोजमापे प्रामुख्याने बीचे वजन, गराचे प्रमाण आणि झाडामागचे उत्पन्न यांवर होतात. त्यात गैर काही नाही. शेतकऱ्याचे पोट त्यावर आहे. तरीही बीपासून उगवलेल्या जुन्या झाडांच्या रसात जो वेगळेपणा असतो, पेडण्याच्या आणि काणकोणच्या फेणीत जाणकारांना जो फरक लागतो, त्याची पद्धतशीर नोंद ठेवली गेली नाही, तर ती झाडे जाताच तो फरकही नाहीसा होईल.

यात हवामानाची भर पडते. मोहोराच्या दिवसांत धुके, अवेळी पाऊस किंवा ढेकण्याचा प्रादुर्भाव झाला की अख्खा हंगाम हातचा जातो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात लागलेल्या आगींनी सत्तरीतील बागायतदारांनाही धास्तावून सोडले होते. तीन महिन्यांवर वर्षाचा हिशेब बसवणाऱ्या माणसाला असा एक हंगाम बुडणे म्हणजे पुढच्या वर्षी दुसरे काम शोधणे होय.

अशा स्थितीत हुर्राकाची वाढती लोकप्रियता दुधारी ठरते. हुर्राक उतरला की लगेच विकला जातो, रोख पैसा हाती येतो. फेणीला मात्र अधिक रस, अधिक सरपण आणि अधिक धीर लागतो. शिवाय ती काचेच्या गराफांवात मुरायला ठेवायची तर पैसा अडकतो. ज्याला पुढच्या वर्षीचा डोंगरसुद्धा निश्चित नाही, त्याने मुरवणीची वाट पाहावी ही अपेक्षाच अव्यवहार्य आहे.

नाशिकचा धडा

शेजारच्या नाशिकशी तुलना इथे उपयोगी पडते. वाईनच्या जगात बाटलीवर मळा, साल आणि बनवणाऱ्याचे घराणे यांना मोल असते. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाईन’ला मानांकन मिळाले, आणि दोन दशकांत ‘वाईनमेकर’ हा तिथे शिकून करण्याचा, नावानिशी ओळखला जाणारा पेशा झाला. मोठ्या वायनरींनी शेतकऱ्यांशी अनेक वर्षांचे करार केले. द्राक्षातल्या साखरेनुसार दर ठरू लागले. तिथेही सगळे गोड नव्हते. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घसरली तेव्हा अनेकांनी वाईनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांकडे मोर्चा वळवला. धडा असा की नुसत्या मानांकनाने कोणी वाचत नाही. करार, मुदत आणि नाव या तीन गोष्टी मिळाल्या तरच माणूस टिकतो.

फेणीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टींची वानवा आहे. बाटलीवर नाव असते ते बाटली भरणाऱ्याचे. आतला अर्क कोणत्या गावच्या डोंगरावरचा, कोणत्या सालचा, कोणी उतरवलेला, हे बहुधा कळत नाही. अनेक भट्ट्यांचा माल एकत्र करून सारखा केला जातो. बाजाराची ती गरज असेल. पण चांगली फेणी काढणारा आणि कशीबशी उरकणारा यांना जवळपास एकच दर मिळाला, तर चांगली काढण्याचे कारणच उरत नाही. आणि गिऱ्हाइकाला मूळ ठाऊक नसले की भेसळीलाही मोकळे रान मिळते.

रेंदेराचा इशारा

हा धोका काल्पनिक नाही. माडावर चढून सूर काढणारा रेंदेर आपल्या डोळ्यांदेखत दुर्मीळ झाला. कधीकाळी पाव आणि सान्नां सुरेवर फुगत. आज बहुतेक ठिकाणी यीस्टवर फुगतात. माडाची फेणी काजू फेणीपेक्षा जुनी, पण २००९ चे मानांकन काजू फेणीपुरतेच होते. रेंदेराची पुढची पिढी दुसऱ्या कामांकडे वळली, तेव्हा कोणी परिषद भरवली नाही. पेय नाहीसे झाले नाही. ते बनवणारा आधी नाहीसा होत गेला, आणि मग पेय आठवणीत सरकले.

मद्याचा गौरव कशाला, असा आक्षेप काही वाचक घेतील, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. व्यसनाने मोडलेली घरे गोव्यातही आहेत. पण राज्य मद्यातून महसूल घेतेच, आणि कारखान्यात बनलेले मद्य दुकानादुकानांत मिळतेच. प्रश्न मद्य असावे की नसावे हा नसून, असलेल्या व्यवसायात डोंगरावरच्या कुटुंबाचा वाटा किती, हा आहे. शुद्धतेची जबाबदारी घेणारा, नावानिशी उत्तरदायी असलेला उत्पादक हा बेनामी स्वस्त मालापेक्षा समाजालाही अधिक परवडणारा आहे.

करायचे काय, हे फार अवघड नाही. विभागाचा हक्क एका हंगामाऐवजी निदान पाच वर्षांचा करावा आणि त्या बदल्यात झाडांची निगा व नवी लागवड यांची अट घालावी. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करण्याची सोय पंचायत पातळीवर आणावी. हंगामात भट्टी सोडून काजकाराने पणजीच्या खेपा घालाव्यात, ही अपेक्षा बरी नव्हे. बाटलीवर गाव, साल आणि गाळणाऱ्याचे नाव छापण्याला धोरणात प्रोत्साहन असावे. आणि जे जाणते काजकार आज हयात आहेत त्यांच्या पद्धतींची नोंद मराठी-कोकणीत व्हावी, त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुलांना हंगामापुरते विद्यावेतन मिळावे.

महाराष्ट्रानेही काजूच्या बोंडूपासून बनणाऱ्या मद्याला देशी दारूच्या सदरातून बाहेर काढण्याचा निर्णय काही वर्षांपूर्वी घेतला. सिंधुदुर्गात बोंडू मुबलक आहेत आणि भांडवल उद्या येऊ शकते. फेणी हे नाव तिथे वापरता येणार नाही, हे खरे. पण नाव आपल्याकडे आणि विद्या कुणाकडेच नाही, अशी वेळ आली तर त्या नावाचा उपयोग काय? मोहोर दरवर्षी येतो; तो पाहून डोंगर चढणारा काजकार दरवर्षी येईलच असे नाही.