गालिच्याखालची जमीन



परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे दोन-चार महिने राहून येण्याचा योग आता आपल्यापैकी अनेक घरांना येतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता अमेरिकेतील नेवाडा राज्यात, लास वेगासच्या उपनगरात राहणाऱ्या चिरंजीवांकडे होतो. तेथे घरामागच्या अंगणाविषयी एक प्रश्न निघाला. वरकरणी तो केवळ हौसेचा होता. पण त्याचा हिशोब मांडताना पेढीवरचे जुने धडे पुन्हा आठवले.

चिरंजीवांना गोल्फचा नाद आहे. या खेळात चेंडू दूर टोलवण्याला जेवढे महत्त्व, तेवढेच तो शेवटी जमिनीवरून अलगद घरंगळवत खळग्यात नेण्याला. हा खळगा अवघा सव्वाचार इंच रुंद असतो. या शेवटच्या टप्प्याच्या सरावासाठी घरामागे कृत्रिम हिरवळ अंथरण्याची तिकडे रीत आहे. तिला ‘पटिंग ग्रीन’ म्हणतात. चिरंजीव म्हणाले, “बाबा, एका ठेकेदाराने फार कमी भाव दिला आहे. सगळेच अंगण करून टाकू. पाणी नको, कापणी नको, फवारणी नको.”

प्रथम जमेची बाजू पाहू. लास वेगास हे वाळवंटातील शहर. त्याचे बहुतेक पाणी कोलोरॅडो नदीवरील लेक मीड या जलाशयातून येते. २०२२ मध्ये तो जलाशय १९३० च्या दशकात भरल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीला गेला होता. त्याआधीच, २०२१ मध्ये, नेवाडाने कायदा करून रस्त्याकडेची आणि कार्यालयांपुढची निव्वळ शोभेची हिरवळ काढून टाकण्याची मुदत ठरवली. खासगी घरे त्यातून वगळली. हिरवळ काढून वाळवंटी झाडे लावल्यास दर चौरस फुटामागे वर्षाला ५५ गॅलन पाणी वाचते, असे तेथील जलप्राधिकरण सांगते. म्हणजे ३०० चौरस फुटांमागे सुमारे ६२ हजार लिटर! शिवाय कीटकनाशकाची फवारणी टळते, ही गोष्ट आपल्या घरात लहान नव्हे. मी भाव पाहिला, जमेची बाजू पाहिली आणि व्यापाऱ्याच्या सवयीने मान डोलावली.

खर्चाची बाजू उघडली ती आमच्या सौभाग्यवतींनी. शेजारच्या अंगणात अशीच हिरवळ होती. दुपारी नातू अनवाणी तिकडे धावला आणि रडत परतला. भर उन्हात अशा हिरवळीचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाऊ शकतो; खिडकीच्या विशिष्ट काचेवरून परावर्तित होणारे ऊन तर तिचे तंतू वितळवूही शकते. नातवाच्या तळपायांना गार पाणी लावता लावता त्या एवढेच म्हणाल्या, “सगळे अंगण झाकले, तर हे पोर खेळणार कुठे?”

मग आम्ही उरलेली कलमे मांडली. अंगणात एक जुने मेस्किटचे झाड होते, आपल्याकडील वेड्या बाभळीच्या कुळातले. संपूर्ण अंगण खोदायचे, तर त्याची मुळे तुटणार. गालिच्याखाली दाबलेल्या मातीत जे सूक्ष्म जीवन चालते, त्याचाही श्वास कोंडणार. आणि दहा-पंधरा वर्षांनी हा गालिचा झिजला, की प्लॅस्टिक, गोंद आणि वाळू यांचे ते मिश्रण पुन्हा वापरात आणणे अवघड. ही घसाऱ्याची रक्कम कोणत्याही दरपत्रकात लिहिलेली नसते.

त्याच शेजाऱ्यांकडे दुसरा धडा मिळाला. त्यांनीही सर्वांत कमी भावाला काम दिले होते. ठेकेदाराने भुसभुशीत वाळूवरच गालिचा पसरला. उन्हाळ्यातल्या एका वादळी पावसात खालची वाळू खचली. आता चेंडू कोठूनही सोडा, तो त्याच खोलगटात जाऊन थांबतो. सारे उचलून पुन्हा करायचे, म्हणजे एका कामाचे दोनदा पैसे.

चांगले काम कसे होते, ते चिरंजीवांनी मग दुसऱ्या कारागिराकडून समजून घेतले. चारेक इंच माती काढायची. जमिनीतील तुषार सिंचनाच्या नळ्या शोधून बंद करायच्या. बारीक खडी आणि कच यांचे थर देऊन, पाणी मारून, यंत्राने धुम्मस करायची. उतार घरापासून दूर ठेवायचा. खळग्याची नळी पक्की बसवायची आणि सरळ फळी फिरवून उंचवटे तपासायचे. त्यानंतरच गालिचा अंथरायचा, सांधे चिकटवायचे आणि तंतूंत वाळू झाडून बसवायची. श्रमाचा मोठा भाग दिसेनासा होतो. डोळ्यांना दिसतो तो केवळ वरचा हिरवा रंग. पण चेंडू रंगावर चालत नाही, पायावर चालतो.

१९६६ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या आच्छादित क्रीडागृहात कृत्रिम हिरवळ आली, तीही नाइलाजाने. चकाकी टाळण्यासाठी छताचे पारदर्शक तक्ते रंगवले आणि आतले खरे गवत वाळून गेले. जेथे गवत जगू शकत नाही तेथे हा पर्याय योग्यच. जेथे जगू शकते तेथे किती जागा द्यायची, हे आपण ठरवायचे.

अखेर तेवढ्याच पैशात अवघा ३०० चौरस फुटांचा, पण पक्क्या पायाचा पट्टा झाला. मेस्किट राहिले. त्याच्या सावलीत मातीचा एक तुकडा नातवासाठी मोकळा ठेवला, आणि उरलेल्या भागात कमी पाण्याची झाडे लावली. पहिल्या संध्याकाळी चिरंजीवांनी सोडलेला चेंडू सरळ रेषेत खळग्यात गेला. नातवाचे तिकडे लक्षच नव्हते. तो झाडाखाली माती उकरत होता.

आता आपल्या शहरांतही गच्चीवर, सज्जात असे गालिचे येऊ लागले आहेत. जरूर घ्यावेत. मात्र दरपत्रकावर सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: याच्याखाली काय घालणार आहात, आणि आम्हाला खरोखर किती हवे आहे? पहिल्याचे उत्तर ठेकेदाराकडून घ्यावे. दुसऱ्याचे घरातल्या सर्वांनी मिळून द्यावे.