मणका जागेवरच होता

कॉलरला माइक लावून माणसांच्या कंबरा मोडणाऱ्यांचं सध्या चांगलंच फावलं आहे. मोबाइल उघडावा तर कुणीतरी पालथा पडलेला, त्याच्यावर दुसरा ओणवा झालेला, आणि मग तो ‘कडाक्’. पेशंट किंचाळतो, उठतो, हसतो, कधीकधी रडतोही. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की वर्षानुवर्षांची सायटिका एका झटक्यात गेली. हे पाहून पोटरीपर्यंत कळ सोसणारी माणसं दुसऱ्या दिवशी नंबर लावतात. त्या माणसांवर माझा राग नाही. ज्याला रात्री कुशीवर वळता येत नाही, तो कुठेही जाईल. राग आहे तो त्याच्या कळेवर दुकान मांडणाऱ्यांवर. आणि त्याहून जास्त राग आहे तो त्या दुकानाचा पाया असलेल्या एका वाक्यावर : “तुमचा मणका सरकलाय, आपण तो जागेवर बसवू.”

साफ खोटं. सायटिकाच्या बहुसंख्य पेशंटांचा मणका जागच्या जागीच असतो. खरोखर सरकलेला मणकाही असतो, त्याला स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात. पण तो एक्स-रेत दिसतो आणि हाताच्या झटक्याने तो कुणाच्या बापालाही मागे ढकलता येत नाही.

मग दुखतं काय? सायटिक नर्व्ह ही शरीरातली सर्वांत जाड नस. कंबरेच्या शेवटच्या मणक्यांतून आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून निघालेली मुळं एकत्र येऊन ती बनते आणि कुल्ल्यातून मांडीच्या मागून पायात उतरते. दोन मणक्यांमध्ये गादी असते. तिचं बाहेरचं कडं फाटलं की आतला मऊ गर बाहेर येतो, नसेच्या मुळावर दाब देतो आणि तिथे दाह पेटवतो. बहुतेकदा हे घडतं ते सर्वांत खालच्या दोन गाद्यांमध्ये. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली हे नीट मांडलं. म्हणजे भानगड आहे मऊ गराची आणि सुजलेल्या नसेची. आणि हा पठ्ठ्या दाबतोय कुठे? हाडावर. पाठीवरून हाड दाबून आतला गर फाटलेल्या कड्यातून परत आत कसा जाईल, हे एकदा कुणीतरी समजावून सांगावं. सांगत कुणीच नाही. सगळे नुसते प्लॅस्टिकचा पाठीचा कणा हातात घेऊन त्यातली लाल गादी दाखवतात.

या विद्येचं, म्हणजे कायरोप्रॅक्टिकचं, मूळच पाहा. १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाचा गृहस्थ चुंबकीय शक्तीने रोग बरे करण्याचा व्यवसाय करत होता. त्याने हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीतला मणका दाबला आणि त्याचा बहिरेपणा गेल्याचं जाहीर केलं. ऐकण्याची नस कानापासून थेट मेंदूत जाते, ती पाठीच्या कण्यातून जातच नाही. शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असतं. पामरला त्याची फिकीर नव्हती. त्याने पुढे सिद्धांत ठोकून दिला की ९५ टक्के रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात. आणि हे ज्ञान मिळालं कुठून? एका मृत डॉक्टरच्या आत्म्याकडून, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्या कल्पित सरकण्याला त्याने ‘सबलक्सेशन’ असं भारदस्त नाव दिलं आणि पंथ उभा राहिला.

हे सगळं जुनं झालं, आता शास्त्र पुढे गेलंय, असं कुणी म्हणेल. तर पुढचंही ऐका. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल ही वैधानिक संस्था आहे. तिनेच २०१० साली सांगितलं की सबलक्सेशन ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि तिच्यामुळे रोग होतात याला क्लिनिकल संशोधनाचा पुरावा नाही. घरच्याच माणसांनी सिद्धांताला मूठमाती दिली. तरी आपल्याकडे भिंतीवर तेच तक्ते : हा मणका सरकला की दमा, तो सरकला की बद्धकोष्ठता. मृत सिद्धांताची दुकानदारी कुणाच्या जिवावर चालते? ज्यांना यातलं काहीच कुणी सांगितलेलं नाही, त्यांच्या.

आता तो आवाज. सगळी मोहिनी त्याच्यात आहे, म्हणून तर माइक. सांध्यात एक द्रव असतो. सांध्याच्या दोन पृष्ठांना झटक्यात ताण दिला की त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज होतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली बोटांच्या सांध्यांचं हे सगळं एमआरआयमध्ये प्रत्यक्ष घडताना टिपलं. बोटं मोडताना होतो तोच हा प्रकार. त्यात हाड ‘बसत’ नाही, नस ‘सुटत’ नाही. आणि कित्येकदा तर आवाज पेशंटाचा नसतोच! ‘ड्रॉप टेबल’ नावाचं एक टेबल असतं. त्याचा एक भाग मुद्दाम थोडा वर अडकवून ठेवतात, दाब दिला की तो धाडकन खाली पडतो. आवाज टेबलाचा, श्रेय हातांचं, बिल पेशंटाचं.

माझ्या शेजारच्या काकांबरोबर मी अशा एका ठिकाणी गेलो होतो. काका एसटीतून निवृत्त झालेले, उभा जन्म स्टिअरिंगवर गेलेला, डाव्या पायात मुंग्या आणि कळ. तिथल्या तरुणाने त्यांना उताणं झोपवलं, दोन्ही टाचा जुळवल्या आणि म्हणाला, “काका, डावा पाय आखूड झालाय. मणका बाहेर आलाय ना, म्हणून.” मग पालथं घालून टेबलाचा तो धडाका झाला. पुन्हा टाचा जुळवल्या : “बघा, आले ना सारखे?” टाचा त्याच्याच हातात होत्या. ज्याच्या हातात टाचा, त्याच्या हातात पायाची लांबी. मी विचारलं, “मणका आत गेला हे एमआरआयवर दाखवाल का?” तर म्हणे, “सर, रिपोर्ट बघू नका, फील बघा.” आणि दोनच मिनिटांपूर्वी त्याच रिपोर्टवरच्या ‘डिस्क बल्ज’ या शब्दांखाली पेनाने रेघ ओढून त्याने काकांना घाबरवलं होतं. घाबरवायला रिपोर्ट हवा, हिशेब द्यायची वेळ आली की फील!

त्या बल्जची, म्हणजे फुगलेल्या गादीचीही, गोष्ट सांगून टाकतो. काहीही दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३० टक्के निरोगी माणसांमध्ये डिस्क बल्ज होता, ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्क्यांमध्ये होता. बल्ज हा शब्द रिपोर्टमध्ये दिसला म्हणजे आयुष्य संपलं, असं नव्हे. दुखण्याशी, पायातल्या ताकदीशी, बधिरपणाशी त्याचा मेळ बसतो का, हे पाहायला डॉक्टर लागतो.

हा धंदा चालतो कशावर, ते आता सांगतो. सायटिका बहुतेक लोकांमध्ये आपोआप उतरते. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं, आणि गर जितका पूर्ण सुटून बाहेर पडलेला, तितका तो शोषला जाण्याची शक्यता जास्त. काही आठवड्यांत कळ कमी होऊ लागते, पुष्कळांना दोन-तीन महिन्यांत खूप आराम पडतो. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ पेशंटांवर एक चाचणी झाली, २००७ साली ती प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना लवकर शस्त्रक्रिया, बाकीच्यांना आधी थांबून उपचार आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेने आराम लवकर पडला, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झालेले होते. थांबणाऱ्या गटातल्या बहुसंख्यांवर सुरी चाललीच नाही.

आता या दुकानांतली पॅकेजं पाहा. डझनाच्या हिशेबाने सेशन, आठवड्यातून दोनदा, पैसे आगाऊ. पॅकेजची मुदत आणि निसर्गाची मुदत एकच! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही आणि कोंबडं आरवलं म्हणूनही ते फुटत नाही. इथे मात्र कोंबड्याने तांबडं फोडण्याचे पैसे आगाऊ घेतलेले असतात. बरं वाटलं तर हात यांचा. नाही वाटलं तर “तुमचं प्रकरण जुनं आहे, अजून एक पॅकेज घ्या.” हरण्याची सोयच ठेवलेली नाही.

हाताने केलेल्या उपचारांत काहीच दम नाही, असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. २००६ साली इटलीत १०२ पेशंटांवर चाचणी झाली. खऱ्या झटक्यांच्या गटात खोट्या झटक्यांच्या गटापेक्षा जास्त लोकांची पायाची कळ गेली. २०१४ साली अमेरिकेत १९२ पेशंटांवर झालेल्या चाचणीत घरच्या व्यायामाला हाताच्या उपचारांची जोड दिली, तेव्हा १२ आठवड्यांनी पायाच्या दुखण्यात थोडा जास्त फरक दिसला. वर्षाअखेरीस तो ठळक उरला नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं हे उपचार चालतील म्हणतात, पण व्यायामासकट, एकटे नाहीत. म्हणजे पुराव्याची एकूण मिळकत ही : काही लोकांना, काही काळ, थोडा आराम, तोही व्यायामाबरोबर. एवढंच सांगून वाजवी फी घेणाऱ्याला मी नमस्कार करेन. पण ‘थोडा आराम’ विकून बंगला होत नाही, म्हणून ‘कायमचं बरं’ विकतात.

पुरावा मागितला की यांना काय होतं, तेही जगाने पाहिलं आहे. २००८ साली लेखक सायमन सिंग यांनी मुलांच्या आजारांवरच्या कायरोप्रॅक्टिक दाव्यांना ‘गार्डियन’मध्ये आव्हान दिलं. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने उत्तरादाखल बदनामीचा खटला भरला आणि २०१० साली मुकाट्याने मागे घेतला. पुरावा असता तर वकील कशाला लागला असता?

आपल्याकडे तर सगळा मोकळा बाजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेनुसार पूर्ण प्रशिक्षित कायरोप्रॅक्टरला किमान ४,२०० तासांचं शिक्षण हवं, त्यात १,००० तास देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम. इथे चार दिवसांच्या कार्यशाळेचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावतात आणि नावाआधी ‘डॉक्टर’ जोडतात. पूर्वी गावात उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेत. त्यातही शास्त्र नव्हतं, पण पायाळू माणूस आगाऊ पैसे घेत नव्हता आणि बद्धकोष्ठतेचा तक्ता लावत नव्हता.

आणि डॉक्टर मंडळींनो, तुम्हीही सुटणार नाही. पेशंट तिकडे का पळतो? कारण तुमच्याकडे त्याला तीन मिनिटं मिळतात, पट्टा मिळतो, प्रीगॅबलिन हे औषध मिळतं आणि ऑपरेशनची भीती मिळते. २०१७ साली ऑस्ट्रेलियात सायटिकाच्या २०९ पेशंटांवर प्रीगॅबलिनची चाचणी झाली. ते दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त आली. तरी चिठ्ठ्या चालूच. तो झटकेवाला निदान पाठीला हात तरी लावतो. तुम्ही पाय उचलून तपासता का? घोटा, अंगठा यांची ताकद पाहता का? हे झटकेवाले तुमच्या उदासीनतेवर पोसले आहेत.

हे सारं पैशापुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. कंबरेच्या प्रत्येक दुखण्यामागे गादी नसते. जगातले सर्वाधिक क्षयरोगी भारतात आहेत आणि क्षय मणक्यालाही होतो. हाडं ठिसूळ झालेल्या आजीचा मणका दबून मोडलेला असू शकतो. कॅन्सर तिथे उतरलेला असू शकतो. अशा पाठीवर तपासणीशिवाय झटका देणं हा गुन्हाच समजला पाहिजे. ताप, रात्री वाढणारं दुखणं, उतरत चाललेलं वजन, पूर्वीचा कॅन्सर, दिवसेंदिवस लुळं पडत चाललेलं पाऊल, यातलं काहीही असेल तर टेबलावर झोपू नका, डॉक्टर गाठा. आणि जांघेत, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली, शौचावर ताबा राहिला नाही, तर सकाळची वाट पाहू नका. नसांचा अख्खा जुडगा दाबला गेल्याची ती खूण आहे. त्यावर तातडीची शस्त्रक्रिया लागते आणि उशीर झाला तर नुकसान जन्मभराचं.

बाकीच्या पेशंटांचा हक्क एका वाक्याचा आहे. “तुमची कळ खरी आहे, ती बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप उतरते, तोवर झेपेल तेवढं चालत राहा.” हे वाक्य बोलायला टेबल लागत नाही, माइक लागत नाही, सर्टिफिकेटही लागत नाही. त्यात पैसा नाही म्हणूनच ते कुणी बोलत नाही. कायरोप्रॅक्टर असो, ऑर्थोपेडिक असो, नाही तर फिजिओथेरपिस्ट. आधी हे वाक्य पेशंटाच्या तोंडावर बोला. त्यानंतरही तो तुमच्याकडे राहिला, तर खुशाल फी घ्या.